जुनी गाडी घेताना क्लच किती शिल्लक आहे हे कसे ओळखावे

वापरलेली मॅन्युअल गिअरची गाडी पाहायला गेल्यावर टायरची झीज डोळ्यांना दिसते, गंज हाताला लागतो आणि इंजिनाचे तेल डिपस्टिक काढून पाहता येते. क्लच मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बंद असतो आणि गिअरबॉक्स उतरवल्याखेरीज तो कोणालाच दिसत नाही. त्यामुळे त्याची अवस्था लक्षणांवरूनच ताडावी लागते आणि नेमके इथेच खरेदीदाराची फसगत होते. ‘क्लच गेलाय’ या दोन शब्दांत आपण निदान चार वेगवेगळे दोष एकत्र कोंबतो: प्लेटचे अस्तर (तिच्यावरचा घर्षणाचा थर) झिजणे, अस्तरावर तेल येणे, पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारी केबल किंवा हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारी) यंत्रणा बिघडणे आणि बेअरिंग वाजणे. यांतला एखादा दोष अर्ध्या तासात दूर होतो, तर एखाद्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. म्हणून क्लच खराब आहे की नाही एवढेच न विचारता त्यातले नेमके काय खराब आहे हे ठरवता आले पाहिजे.

झीज कशी होते

इंजिनाच्या मुख्य दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, बसवलेले फ्लायव्हील नावाचे जड चाक इंजिनासोबत सतत फिरत असते. क्लच प्लेट गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्यावर, म्हणजे इनपुट शाफ्टवर, असते आणि प्रेशर प्लेटमधील डायफ्राम स्प्रिंग तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगची बोटे (मध्याकडे येणाऱ्या पट्ट्या) आत ढकलते, दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. पेडल पूर्ण सोडलेले असताना फ्लायव्हील आणि प्लेट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे झीज जवळजवळ होत नाही. झीज होते ती दोघांचे वेग वेगळे असताना, म्हणजे हाफ क्लचवर, पेडल अर्धवट दाबलेले असताना.

यातला पहिला निष्कर्ष असा, की केवळ किलोमीटरच्या आकड्यावरून क्लचचे वय ठरवता येत नाही. नाशिक–धुळे महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये एक लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचा क्लच उत्तम असू शकतो आणि मुंबईच्या गर्दीत रोज हाफ क्लचवर रांगणाऱ्या गाडीचा क्लच चाळीस हजारांतही संपू शकतो. साधारण साठ हजार ते एक लाख किलोमीटर हा पल्ला गॅरेजमध्ये सांगितला जातो, पण तो अंदाजापुरताच धरावा. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी असेल तर तोही धरू नये.

दुसरा निष्कर्ष पुढच्या तपासणीत पदोपदी लागणार आहे. अस्तर पातळ होत जाते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या जवळ सरकते आणि डायफ्राम स्प्रिंगची बोटे उलट दिशेला, म्हणजे गिअरबॉक्सकडे, कलतात. त्यामुळे केबलच्या गाडीत पेडलचा मोकळा प्ले (दाब लागण्यापूर्वीचा रिकामा प्रवास) कमी होतो, पेडल सोडताना ते बरेच वर आल्यावर क्लच पकडू लागतो आणि स्प्रिंगचा कोन बदलल्याने पेडल जड होते. आपल्याकडे ‘क्लच हार्ड झालाय’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे एक मोठे कारण हे आहे. दुसरे कारण म्हणजे गंजलेली किंवा आतून तुटत चाललेली केबल, आणि ते बरेच स्वस्तात निभावते.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी

विक्रेत्याला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. पहिली, गाडी आपण येण्यापूर्वी सुरू करून ठेवू नये. थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत तपासणी करायची असते. दुसरी, क्लचचे काम पूर्वी झाले असेल तर त्याचे बिल काढून ठेवावे. बिलावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट लिहिला आहे की नुसती प्लेट, हे वाचावे. नुसती प्लेट बदलून जुनी प्रेशर प्लेट आणि जुने बेअरिंग परत बसवलेले असेल, तर ‘क्लच नवीन आहे’ हे विधान अर्धेच खरे ठरते. बिलावरचा किलोमीटरचा आकडा आजच्या ओडोमीटरशी जुळतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

उभ्या गाडीतली तपासणी

इंजिन बंद असताना आधी पेडलकडे पाहावे. पेडलचे रबर एका बाजूने गुळगुळीत झाले असेल आणि ओडोमीटर तीस हजार दाखवत असेल, तर आकड्यावर शंका घ्यायला जागा आहे. मग पेडल हाताने हळू दाबावे. पायाला जे जाणवत नाही ते हाताला जाणवते. जुन्या आल्टो, वॅगनआर यांसारख्या केबलच्या गाड्यांत सुरुवातीचा थोडा प्रवास, साधारण एक ते दीड बोट रुंदीचा, मोकळा असतो आणि त्यानंतर खरा दाब लागतो. नेमके माप त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत असते. हा मोकळा प्ले अजिबात नसेल, तर रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांना सतत ढकलत राहते, प्लेटवरचा दाब घटतो आणि अस्तर शाबूत असूनही क्लच स्लिप होऊ शकतो, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलवर घसरू शकते.

ही गोष्ट मी स्वतः चूक करून शिकलो. एका नातेवाइकाच्या लहान गाडीचा क्लच चढावर स्लिप होत होता. मी पेडलचा प्ले न तपासताच क्लच सेट बदलण्याचा सल्ला दिला आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर प्लेटचे अस्तर भरपूर शिल्लक असल्याचे दिसले. केबल जास्त ताणली गेली होती, एवढेच. त्या कुटुंबाचा तो खर्च टाळता आला असता, म्हणून तेव्हापासून मी तपासणीची सुरुवात प्लेपासूनच करतो. मात्र प्ले योग्य असूनही क्लच स्लिप होत असेल, तर दोष आतच आहे असे धरावे.

हायड्रॉलिक क्लचमध्ये अस्तराची झीज यंत्रणा स्वतःच भरून काढते, त्यामुळे तिथे क्लच कुठे पकडतो यावरून झिजेचा अंदाज नीट येत नाही. क्लच फारच खाली, जमिनीलगत पकडत असेल, तर झिजेपेक्षा ऑइलची गळती किंवा आत शिरलेली हवा हे कारण अधिक संभवते. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर सुधारले तर ही शंका पक्की होते. बऱ्याच गाड्यांत क्लचला ब्रेक ऑइलच्याच डबीतून ऑइल मिळते. त्या डबीतील पातळी पाहावी आणि पेडलच्या मुळाशी, पायाजवळच्या मॅटखाली, ओल आहे का ते हात लावून तपासावे. क्लच दाबणारा हायड्रॉलिक सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असेल, तर त्याच्या गळतीसाठीही गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, हे भाव ठरवताना ध्यानात ठेवावे.

यानंतर इंजिन सुरू करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, पंखा आणि रेडिओ बंद करावेत आणि खिडकी खाली घ्यावी. पेडल दाबल्यावर घरघर किंवा किरकिर सुरू झाली आणि सोडल्यावर थांबली, तर रिलीज बेअरिंग संशयित आहे. याउलट पेडल सोडलेले असताना आवाज येत असेल आणि दाबताच जात असेल, तर दोष क्लचचा नसून बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा आहे आणि ते काम वेगळे, बहुतेकदा जास्त खर्चाचे असते. हा फरक न समजल्यामुळे लोक क्लच सेट बदलतात आणि आवाज तसाच राहतो. काही डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे मध्ये स्प्रिंग असलेले दोन भागांचे फ्लायव्हील, असते. ते झिजले की आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिन चालू असताना) खडखड होते आणि इंजिन बंद करताना जोरदार खडखडाट ऐकू येतो. असे फ्लायव्हील क्लच सेटपेक्षा बरेच महाग पडू शकते. म्हणून ज्या मॉडेलची गाडी घ्यायची आहे तिच्यात ते आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

उभ्या गाडीतली शेवटची तपासणी क्लच पूर्ण सुटतो का याची आहे. पेडल तळापर्यंत दाबून तीन-चार सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. एवढे थांबूनही गिअर करकरत पडत असेल, तर पेडल दाबूनही प्लेट फिरतच आहे. इथे एक युक्तीही ओळखता येते. क्लच फार वर पकडतो हे लपवण्यासाठी कोणी केबल ढिली करून ठेवली असेल, तर पेडल छान खाली पकडते, पण क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स करकरतो. म्हणून क्लच कुठे पकडतो आणि गिअर कसा पडतो, या दोन निरीक्षणांचा अर्थ नेहमी एकत्र लावावा.

हँडब्रेकची चाचणी आणि तिची मर्यादा

हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून, क्लच हळूहळू सोडला की इंजिन लगेच बंद पडले पाहिजे, ही चाचणी जवळजवळ प्रत्येक मेकॅनिक करतो. केबलचा प्ले योग्य असताना इंजिन बंद न पडता चालूच राहिले तर क्लच संपलेला आहे, यात शंका नाही. अर्थात हँडब्रेक पक्का असावा, समोर मोकळी जागा असावी आणि चाचणी एकदाच करावी, कारण घसरणाऱ्या क्लचमध्ये काही सेकंदांत प्रचंड उष्णता निर्माण होते आणि गाडी अजून दुसऱ्याची आहे.

उलट निष्कर्ष मात्र यातून काढता येत नाही. इंजिन बंद पडले म्हणजे क्लच चांगला, असे समजणे ही जुन्या गाड्यांच्या व्यवहारातली फार महागडी चूक आहे. आयडलवर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, अगदी कमी असतो आणि बऱ्यापैकी झिजलेला क्लचही तेवढा सहज पेलतो. त्याची खरी परीक्षा पूर्ण टॉर्कला होते, आणि तो उभ्या गाडीत मिळत नाही.

रस्त्यावरची चाचणी

माझ्या मते संपूर्ण तपासणीत सर्वांत विश्वासार्ह पुरावा रस्त्यावरच्या चाचणीतूनच मिळतो. तिच्यासाठी पंधरा-वीस मिनिटांचा वेळ आणि एक मोकळा, शक्यतो हलक्या चढाचा रस्ता हवा. सोबत आकडे वाचायला एक माणूस असावा. आधी गाडी साध्या रहदारीतून चालवून पूर्ण गरम होऊ द्यावी, कारण सुरुवातीच्या टप्प्यातले घसरणे थंड क्लचमध्ये बहुधा दिसत नाही. एसी बंद ठेवावा, म्हणजे इंजिनाचा तेवढाही टॉर्क कॉम्प्रेसरकडे न जाता क्लचकडे जाईल.

आता चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या स्थिर वेगावर यावे आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा. क्लच चांगला असेल तर आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा वेगाच्या काट्याबरोबरच, जोडीने, वर चढतो. क्लच स्लिप होत असेल तर आरपीएमचा काटा एकदम उसळी घेतो, इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र त्या प्रमाणात पुढे जात नाही. क्षणभराने काटा पुन्हा खाली आला, म्हणजे क्लचने पुन्हा पकड घेतली, तरीही ते घसरणेच आहे आणि पुढे वाढतच जाणार आहे.

वरच्या गिअरचा आग्रह का, हे नीट समजून घ्यावे. क्लचवर येणारा टॉर्क इंजिनाचाच असतो, त्यामुळे गिअर बदलल्याने त्याची कमाल मर्यादा बदलत नाही. परंतु पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चटकन वेग घेते, आरपीएम तसेही झपाट्याने वाढतात आणि त्यात घसरणे मिसळून जाते. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर क्लचवर बराच वेळ टिकून राहतो आणि काट्याची खोटी हालचाल लपत नाही.

इंजिनाच्या जातीनुसार आरपीएमची निवड करावी. जुन्या बाजारात भरपूर आढळणाऱ्या मारुती स्विफ्टचेच उदाहरण घेऊ. तिच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचा १९० न्यूटन-मीटर हा कमाल टॉर्क २,००० आरपीएमलाच मिळतो, तर १.२ लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क साधारण ११५ न्यूटन-मीटर असून त्याची कमाल ४,००० आरपीएमच्या आसपास किंवा वर येते. म्हणून डिझेलमध्ये १,८०० ते २,२०० आरपीएमच्या पट्ट्यात, टर्बोचा जोर येतो त्या क्षणी, लक्ष ठेवावे. पेट्रोलमध्ये चौथ्या गिअरनंतर तिसऱ्या गिअरमध्येही, वेगमर्यादा आणि रहदारी सांभाळून, वरच्या आरपीएमपर्यंत एकदा जोर देऊन पाहावा. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्यामुळे आज विक्रीला येणाऱ्या सगळ्या डिझेल स्विफ्ट त्यापूर्वीच्या आहेत. मूळ क्लच अजून तसाच असेल, तर तो बराच जुना आहे.

नजरेवर भरवसा नसेल तर गणित करावे. एका गिअरमध्ये इंजिन आणि चाके यांचे प्रमाण ठरलेले असते, त्यामुळे आरपीएमला वेगाने भागल्यावर येणारा आकडा सतत सारखाच राहिला पाहिजे. समजा चौथ्या गिअरमध्ये हलक्या पायाने ताशी ४० किलोमीटरला १,६०० आरपीएम दिसतात, म्हणजे भागाकार ४० येतो. मग ताशी ६० किलोमीटरला २,४०० आरपीएमच असायला हवेत. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना त्याच वेगाला २,७०० दिसले, तर मधले ३०० आरपीएम क्लच प्लेटवर घासले जात आहेत. ज्या गाडीत टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) नाही तिच्यात स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याचे सॉकेट, असेल तर त्याला लहानसा रीडर जोडून फोनवर आरपीएम आणि वेग हे दोन्ही आकडे पाहता येतात. वाचन सोबतच्या माणसानेच करावे, चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर हवे.

अशी जोर देण्याची चाचणी दोन-तीनदा, मध्ये दोन-तीन मिनिटे जाऊ देऊन करावी. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये क्लच दाबून आरपीएम वाढवायचे आणि पेडल झटक्यात सोडायचे, अशीही एक पद्धत सांगितली जाते. मी ती वापरत नाही, कारण तिने चाके फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टपासून इंजिन पेलणाऱ्या रबरी इंजिन माउंटपर्यंत सगळ्याला धक्का बसतो आणि वरच्या चाचणीहून अधिक असे काहीच कळत नाही.

चढ, वास आणि थरथर

शक्य असेल तर एखादा खरा चढ गाठावा. पुणेकरांना कात्रजचा किंवा दिवे घाटाचा चढ जवळ आहे, आणि जिथे घाट नाही तिथे उड्डाणपुलाचा चढही चालतो. चढावर सुरक्षित जागी थांबून पहिल्या गिअरमध्ये गाडी दोन-तीनदा उचलावी. हाफ क्लचवर थोडा वास कोणत्याही गाडीला येऊ शकतो, पण नीट चालवूनही एक-दोन वेळातच जळका, तिखट वास येऊन तो रेंगाळत असेल, तर अस्तर एक तर संपत आले आहे किंवा त्यावर तेल आहे. तेलाची शंका आल्यास गाडी लिफ्टवर घेऊन इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याचा तळ पाहावा. तिथे ओले तेल असेल तर क्रँकशाफ्टचे मागचे सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील गळत असू शकते. अशा गाडीत सील न बदलता नवी प्लेट घातली तर तीही खराब होते.

सपाट रस्त्यावर, अ‍ॅक्सिलरेटर न देता, पहिल्या गिअरमध्ये पेडल सावकाश सोडून पाहावे. गाडी थरथरत, झटके देत उचलत असेल तर फ्लायव्हीलवर उष्णतेचे डाग, असमान झिजलेली प्लेट किंवा तेलकट अस्तर ही कारणे असतात. पण झिजलेली इंजिन माउंट्सही हुबेहूब असाच थरकाप निर्माण करतात. बॉनेट उघडून, कोणीतरी गाडी हळूच उचलत असताना, बाजूला उभे राहून इंजिन किती डोलते ते पाहावे. गाडीच्या समोर किंवा मागे कधीही उभे राहू नये. इंजिन बरेच उसळत असेल तर आधी माउंट बदलावे आणि मग क्लचला दोष द्यावा.

‘पिकअप नाही’ ही तक्रारही अशीच फसवी आहे. एअर फिल्टर तुंबला असेल, टर्बोचा होज फाटला असेल किंवा ब्रेक चिकटत असेल तरी गाडी ओढत नाही. मात्र त्या वेळी आरपीएमही वाढत नाहीत. आरपीएम वाढून वेग वाढत नसेल तर क्लच, दोन्ही वाढत नसतील तर कारण दुसरीकडे, एवढा भेद कायम ध्यानात ठेवावा.

निर्णय आणि भाव

चौथ्या गिअरमध्ये घसरणे दिसले आणि केबलचा प्ले योग्य होता, तर क्लच सेट लगेच बदलावा लागणार असे धरून भाव बोलावा. त्या मॉडेलच्या पूर्ण सेटची किंमत आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोन गॅरेजमध्ये आधीच विचारून ठेवली, तर विक्रेत्याशी बोलणे आकड्यांवर होते, वादावर जात नाही. नुसते पेडल जड आहे किंवा क्लच वर पकडतो, पण स्लिप होत नाही, अशा गाडीला मी नकार देणार नाही. तिचा क्लच काही हजार किलोमीटर सहज चालू शकतो, त्यामुळे खर्चाचा काही भाग भावातून कमी करून घेणे दोघांनाही न्याय्य वाटते. आवाज गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा असेल किंवा ड्युअल मास फ्लायव्हील खडखडत असेल, तर मात्र अंदाजपत्रक हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नये.

क्लच बदलताना जुनी प्लेट मागून घ्यावी. अस्तराचा पृष्ठभाग रिव्हेटच्या डोक्यापासून किती वर उरला आहे ते पाहावे. बहुतेक उत्पादकांची मर्यादा ०.२ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास असते आणि रिव्हेट फ्लायव्हीलला घासू लागले असतील तर तिथे गोल चरे दिसतात. मजुरी मुख्यतः गिअरबॉक्स काढण्या-बसवण्याची असते, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावीत, सील पाहून घ्यावे आणि फ्लायव्हीलवर चरे किंवा निळसर डाग असतील तर ते दुरुस्त करावे किंवा बदलावे. नवा क्लच बसल्यावर पहिले पाचशे किलोमीटर झटक्याने गाडी उचलणे आणि जड ओझे घेऊन घाट चढणे टाळावे, म्हणजे अस्तर फ्लायव्हीलवर सारखे बसते. केबलची गाडी असेल तर त्यानंतर प्ले पुन्हा एकदा मोजून घ्यावा.